पिठाची रेघ

१

शनिवारी सकाळी आमची नदी जागेवरून हलली.

हसू नका. वाघळी नदीत पाणी कुठलं? गाळ, बाभळी आणि लोकांनी हळूहळू आत सरकवलेली शेतं, एवढीच नदी उरली होती. पण यंदा तिला एक रेघ मिळाली. कॉलेजची पोरंपोरी आणि आमचं नदी वारसा मंडळ, दोघांनी मिळून तीन आठवडे उन्हात भाजून घेत ती मारली. निजामाच्या वेळचा जुना नकाशा बघून नदीची मधली धार शोधायची, तिथं खुंट्या ठोकायच्या, खुंट्यांना सुतळी ताणायची आणि सुतळीखाली फक्की टाकायची, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. सोमवारी पोकलेन येणार होतं. रेघेच्या दोन्ही अंगांना वीस-वीस फूट गाळ निघणार आणि घाटाच्या पायऱ्या उघड्या पडणार. नवी नवरी असताना मी त्या पायऱ्यांवर धुणी धुतली आहेत.

मी नीलम्मा. सिरसाळ्याहून दिंद्रुडकडं निघालं की आमची कान्हेवाडी लागते, तिथं माझी पिठाची गिरणी आहे. मालक गेल्याला सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून पट्टा मीच चढवते. कुणाकडं पाहुणे आले, कुणाकडं बाळंतीण आहे, कोण गव्हावरून ज्वारीवर आलं, हे मला दळणावरून कळतं. मंडळ मीच काढलं आणि मंडळातली निम्मी भांडणंही मीच केली. जीभ तिखट आहे, काय करता.

त्या सकाळी अंजू दळण घेऊन आली होती. हरिबा राखणदाराची ही एकुलती एक लेक. वीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि रेघ मारणाऱ्या पोरापोरींत सगळ्यांत पुढं. पिशवीत दोनच किलो ज्वारी होती.

"बुधवारीच तर धा किलो नेलंस की गं."

"आई म्हणली, पीठ संपलं. मलाबी नवल वाटलं, अक्का."

मी पुढं काही विचारलं नाही. अंजू समोर आली की मी तिच्या तोंडाकडं बघत नाही, वजनकाट्याकडं बघते. पाच वर्षांची सवय आहे ती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून राजनंदिनी मॅडम बोलत होत्या. ह्या कॉलेजात भूगोल शिकवतात आणि नदीचं सगळं काम ह्यांच्या देखरेखीखाली चालतं. अंजूचा आवाज बघता बघता उतरला.

"अक्का, बाभळीच्या वळणावरली रेघ कुणीतरी हालवली. आन् मॅडम म्हणतात, बाबांवर नाव आलंय."

मी गिरणी बंद केली.

२

वळणावर वीसेक माणसं जमली होती. सात खुंट्या उपटून पंधरा पावलं पलीकडं ठोकलेल्या. पलीकडं म्हणजे थेट बद्रीनाथच्या उसात. जुन्या जागेवरची फक्की मातीत घासून मोडलेली, नव्या जागेवर नवी पांढरी रेघ.

बद्रीनाथ मुकादम. दर दिवाळीला इथली माणसं ट्रकात भरून ऊस तोडायला नेणारा. त्याच्या टोळीतला सगळ्यांत जुना कोयता म्हणजे हरिबा आणि रुक्मिणबाई. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आमच्याकडं माणसं अशीच मोजतात. यंदा हरिबाला कॉलेजनं नदीवर राखणदार नेमलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तो कोयता गावात राहिला. बद्रीनाथला ते अजून पचलं नव्हतं.

"मला सांगतो बे तू, डोळा लागला म्हणून?" तो हरिबावर ओरडत होता. "माझ्या उसात नदी घालतो? हे बघा समद्यांनी, सुतळी कशी बांधलीय!"

त्यानं एक खुंटी उपटून वर धरली. पोरांनी मारलेल्या बाकीच्या खुंट्यांवर साध्या गाठी होत्या. ह्या सात खुंट्यांवर गाठच नव्हती. सुतळीला पीळ देऊन टोक आत खोचलेलं होतं.

"मोळीचा पीळ हाय ह्यो! उसाची मोळी शेंड्याच्या वाढ्यानं अशीच बांधत्यात. ऊसतोड्याशिवाय कुणाच्या हाताला येतो का?"

लोकांनी माना डोलावल्या. हरिबा खाली बघत उभा राहिला. अंजू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तरी त्यानं मान वर केली नाही.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "अक्का, उद्या चार वाजता बैठक आहे. बद्रीनाथ काठावरचा ऊस काढायला दिलेलं संमतीपत्र मागे घेतो म्हणतात, म्हणजे काम बंद. प्राचार्य म्हणतात, राखणदाराला काढा आणि विषय मिटवा. खरं कुणी केलंय ते उद्यापर्यंत कळलं नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही."

हरिबाची नोकरी गेली की दिवाळीला पुन्हा ट्रक. पुन्हा तिघंही उसाच्या फडात आणि अंजूचं कॉलेज तिथंच संपलं. हे कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मी त्या नव्या रेघेपाशी वाकले. एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. रेघेवर मुंग्या होत्या, काळ्याभोर, हजारो. बाकी सगळ्या रेघेवर औषधालासुद्धा मुंगी नव्हती.

मुंग्या चुना कधीपासून खायला लागल्या? मी बोटावर चिमूटभर घेतलं आणि पदराआड जिभेला लावलं.

ज्वारीचं पीठ होतं. माझ्याच गिरणीचं.

३

हरिबा काठावरच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता. फक्कीची पोती त्याच खोलीत असतात आणि किल्ली त्याच्या करगोट्याला.

"हरिबा, खरं सांग. काय झालं?"

"काय सांगू अक्का. म्याच केलं म्हणा."

"म्हणा म्हणजे? केलंस का न्हाई केलंस?"

"केलं."

"कावून?"

त्यानं कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "सुचलं तसं केलं. तुमी ह्यात पडू नका. मी जातो दिवाळीला टोळीत. अंजूला तेवढं तुमच्याकडं ठिवून घ्या. गिरणीवर हाताखाली यील."

"मला न्हाई जमायचं," मी म्हटलं आणि उठले. अंजू दिवसभर डोळ्यांसमोर राहील ह्या विचारानंच मला घाम फुटला.

पण बाहेर येईपर्यंत डोकं चालायला लागलं होतं. हरिबाच्या खोलीत चुन्याची पोती, किल्ली कमरेला. ह्यानं रेघ हलवली असती तर चुनाच वापरला असता. पदरचं खायचं पीठ मातीत कशाला घालेल? पीठ त्यानंच वापरलं, ज्याच्या हाती चुना लागला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती आणि संन्यासी स्वतःच सुळीवर चढायला निघाला होता. माणूस असा गप्प दोन गोष्टींसाठी बसतो, भीतीपोटी नाहीतर मायेपोटी.

४

बद्रीनाथच्या ओट्यावर गेले. त्याच्यावर माझा संशय होताच, उगाच कशाला खोटं बोलू. नदी मोकळी झाली तर त्याचा काठावरचा ऊस जाणार. स्वतःच रेघ आपल्या उसात घालायची, बोंब मारायची, संमती काढून घ्यायची आणि जाता जाता हरिबाला परत टोळीत ओढायचं. एका दगडात तीन पक्षी.

"तूच केलंस का रे?" मी सरळ विचारलं.

"नीलाक्का, तू म्हणजे ना! बस, च्या घे आधी." त्यानं आतून पेढ्यांचा पुडा आणला. "काल संकष्टी होती. लिंबागणेशाला गेलतो, बायकू आन् दोन्ही सुना घेऊन. मुक्कामच केला तितं. सकाळी गाडीतून उतरतोय तर ही बातमी. विचार सुनांना."

सुना दारातून हसल्या. प्रसाद ताजा होता.

"आन् मला मोडायचंच असतं तर सही कशाला दिली असती? माझी आई त्याच घाटावर रोज दिवा सोडायची. मीबी माणूसच हाय की."

खरं वाटलं मला. बद्रीनाथ वाईट माणूस नाही, मुकादम आहे.

मग मॅडमना गाठलं. त्या शाळेच्या खोलीत नकाशा पसरून बसल्या होत्या. मी विचारलं, वळणावरची जुनी रेघ बरोबर होती ह्याची खात्री आहे का? त्यांचा चेहरा पडला.

"तुमच्यापासून काय लपवू, अक्का. नकाशा नेमका तिथंच फाटलेला आहे. हे बघा, वळणाचा तुकडाच नाही. आधीची आणि पुढची धार जोडून मी अंदाजानं रेघ धरली. पण चूक दुरुस्त करायची असती तर मी दिवसाढवळ्या केली असती. लपून कशाला?"

तेही खरं. शिवाय किल्लीची दुसरी जोडी त्यांच्याकडं होती, त्यांनाही चुना मिळाला असता.

मग राहिलं कोण? आणि मिळालं काय? रेघ हलल्यानं बद्रीनाथचं नुकसान झालं हे सगळे बघत होते. पण रेघ जिथून हलली तिथं काय वाचलं, हे कुणी बघितलंच नव्हतं. ती तर गायरानाची पड जमीन. बाभळी आणि धोंडे. तिथं कुणाचं काय असणार?

मी उन्हात परत वळणावर गेले. बाभळीच्या बुडाशी चार दगड होते, एकाला एक लावून ठेवलेले. वर काट्याची फांदी. जुनी फांदी वाळून काळी झालेली आणि तिच्यावर एक नवी, हिरवी. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठेवतात तशी.

अशी फांदी कुठं ठेवतात ते आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा. मोठं माणूस जाळतात नाहीतर आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. पण दात न आलेलं लेकरू सगळेच पुरतात, नदीकाठाला.

मी तशीच रुक्मिणबाईच्या घराकडं निघाले.

५

रुक्मिणबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. अंजू मॅडमकडं गेली होती, हरिबा नदीवर.

"धा किलो पीठ तीन दिवसांत कसं संपलं, रुक्मिणबाई?"

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

"समदं गाव म्हणतंय, मोळीचा पीळ म्हणजे हरिबा. पर हरिबानं उभ्या जन्मात मोळी बांधलीय का? कोयत्यात बाप्या तोडतो, बाई मोळी बांधती. रेघ चिमटीनं वढलेली हाय, रांगोळीवानी, एकसारखी. पोरं डब्यातनं फक्की सांडत जात्यात, त्यांची रेघ जाड-बारीक व्हती." मी तिच्यासमोर बसले. "हरिबानं सकाळी पीळ बघितला आन् वळखला. तीस वर्सं त्यानं तोडल्याल्या उसाला त्योच पीळ बसलाय. म्हणून गप हाय त्यो."

रुक्मिणबाईनं पदर तोंडाला लावला. मग हळूहळू बोलली.

"अंजूनंच वढली ती रेघ, अक्का. तिच्याच हातानं. डबा हालवत, मैत्रिणीसंगं हासत हासत आली आन् लेकराच्या छातीवरनं रेघ घालून फुडं गेली. मी भाकर घेऊन काठावर हुबी. आरडावं वाटलं. कसं आरडू? तिला म्हाईतच न्हाई कुठं ठिवलंय ते. बाळंतिणीला जागा दावत न्हाईत. दावली तर ती तितंच जाऊन बसती."

गावाला हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं. अंजूचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. फडावर निघताना वयात आलेली पोरगी मागं कुणाजवळ ठेवायची, म्हणून इथं लई लग्नं अशी होतात. त्या लग्नाचे गहू मीच दळून दिले होते. पंधराव्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी आली. लेकरू नऊ दिवस जगलं. सासरच्यांनी पुन्हा नेली नाही, आणि एका अर्थी तेच बरं झालं, पोरगी शाळेत परत गेली.

"हरिबाला सांगायचं व्हतंस."

"त्यांनी तर खड्डा खंदलाय सोताच्या हातानं. रेघ पडल्यापास्नं धड जेवले न्हाईत. पर नोकरीला भ्याले. मॅडमला सांगावं तर पोलीस येणार, उकरून बघणार, लगीन कवा झालं इचारणार. ह्यांला आन् मला आत टाकतील, त्याचं काय न्हाई. पर अंजूचं? म्हणून म्हटलं, लेकरू हालवता येत न्हाई, तर नदी हालवावी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला एक जुनी दुपार आठवली, तिलाही तीच आठवली असणार. त्या दुपारबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पाच वर्षांत कधीच बोलली नव्हती.

६

रविवारी चारला घाटाजवळच्या लिंबाखाली बैठक बसली. मॅडम, कॉलेजची पोरंपोरी, मंडळाची माणसं, बद्रीनाथ, सगळे होते. रुक्मिणबाई बायकांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती.

हरिबा उठला. "म्याच केलं," म्हणाला. "मला काढा. पर काम बंद करू नका."

"बघा! कबूल झाला!" बद्रीनाथ म्हणाला.

"गप बस रे," मी म्हटलं. "कबूल व्हायला काय लागतं? मॅडम, नव्या रेघेवरची भुकटी पदरात बांधून आणलीय, ही जिभेला लावून बघा. मुंग्या झटकून."

मॅडमनी लावून बघितली. "हे तर पीठ आहे!"

"ज्वारीचं. हरिबाच्या खोलीत चुन्याची पोती भरल्यात, त्यो पीठ कशाला वापरील? गावात पीठ कुणाकडं पडून असतं, सांगा बरं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भिंतीजवळ रुक्मिणबाई एक पाऊल पुढं आली. तिचं तोंड उघडत होतं. मी तिला वेळच दिला नाही.

"रेघ म्या वढली. बद्रीनाथनं नदीत दोन एकर ऊस घातलाय, म्हटलं द्यावं नदीचं नदीला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पीठ माझंच हाय."

एकच गलका झाला. बद्रीनाथ उठून पुढं आला. "आन् पीळ? मोळीचा पीळ तुला कुठनं आला?"

"जन्म गेला ऊसतोड्यांच्या गावात. बघून बघून यीतो."

"मला न्हाई पटत. गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून सांग."

मी पदराखालचं लिंग मुठीत धरलं. सात वर्षांची असताना गळ्यात पडलं ते, त्याच्यावर हात ठेवून मी कधी खोटं बोलले नव्हते. "रेघ मीच वढली," मी म्हटलं. आवाज हलला नाही. का हलला नाही ते पुढं सांगते.

निर्णय झाला. मी मंडळातून बाहेर. हरिबा कामावर कायम. बद्रीनाथची संमती कायम. आणि रेघ उद्या सकाळी होती तिथं, म्हणजे बाभळीखालच्या चार दगडांवरून.

एवढं डोकं चालवून मी हरिबाची नोकरी वाचवली आणि लेकराला पोकलेनच्या तोंडी दिलं. मॅडमना एकटं गाठून पाया पडावं, एवढंच आता उरलं होतं.

अंजूनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत, वडील सुटले म्हणून रडलीही नाही. ती माझ्या हातांकडं बघत होती.

७

दिवेलागणीला ती गिरणीवर आली. हातात दोन खुंट्या आणि सुतळी.

"घाला पीळ, अक्का."

मी सुतळी घेतली. एकदा गुंडाळली, पीळ दिला, टोक खोचलं. हात सोडला आणि सुतळी सुटली. पुन्हा केलं. पुन्हा सुटली.

अंजूनं सुतळी माझ्या हातातून घेतली आणि एका झटक्यात पीळ घालून टोक आत खोचलं. "मी सात वर्साची व्हते तवापास्नं आईच्या मागं मोळ्या बांधायची," ती म्हणाली. "आईनं धा किलो पीठ कुठं घातलं ते मला काल सकाळीच कळायला पायजे व्हतं. पर कावून घातलं ते कळंना. आई कुणाच्या उसावर डोळा ठिवणारी बाई न्हाई. मग म्या सोताला इचारलं, तिथं असं काय हाय, जे आईला हालवता येत न्हाई."

मी वजनकाट्याकडं बघत होते.

"माझ्याकडं बघा, अक्का. कुठं हाय त्यो?"

मी पाच वर्षांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. "बाभळीखाली. चार दगड."

तिनं खुंटी घट्ट धरली. रडली नाही. "म्या त्याच्यावरनं रेघ वढली का?"

"तुला म्हाईत नव्हतं, पोरी."

"आई म्हणती, दवाखान्यात न्यायला गाडीच घावली न्हाई त्या दिवशी. पर त्या साली तर बद्रीनाथ मुकादमाची जीप आमच्या दारात हुबी असायची. खरं काय हाय? तुमी माझ्याकडं कावून बघत न्हाईत कधी?"

रुक्मिणबाईनं पाच वर्षं माझ्यासाठी खोटं सांभाळलं होतं, स्वतःच्या लेकीपाशी. आता मीही तेच करावं का? एक शब्द पुरला असता. "गाडी न्हवती" म्हटलं असतं तर पोरगी घरी गेली असती.

"पाचव्या दिवशी तुझी आई इथं आली," मी म्हटलं. "दळण घेऊन न्हाई, रिकामी. म्हणाली, अक्का, लेकरू दूध वढंना, बीडला न्यावं का? म्या म्हटलं, नगं. डॉक्टर आधी आईचं वय इचारतील. केस हुईल, हरिबा जेलात जाईल. म्हटलं, ओवा शेकून लाव पोटाला, उतार पडंल. तिनं माझं ऐकलं. समदं गाव माझं ऐकतं."

अंजूनं हातातल्या खुंट्या वजनकाट्यावर ठेवल्या.

"बैठकीत लिंगावर हात ठिवला तवा आवाज हालला न्हाई माझा. ती रेघ म्याच वढली व्हती, पोरी. पाच वर्साखाली. तुमी दारातनं भाईर पडू नका म्हणून."

ती निघून गेली. खुंट्या माझ्या गिरणीतच राहिल्या.

८

सोमवारी सकाळी पोकलेन आलं. मी बाजूला उभी होते, मंडळात नव्हतेच ना आता.

अंजू फक्कीचा डबा घेऊन वळणावर गेली. रुक्मिणबाई आणि हरिबा तिच्या मागं चालत होते. चार दगडांपाशी ती बसली, वरची काट्याची फांदी नीट केली आणि मॅडमना हाक मारली. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडम तिच्याजवळ मातीत बसल्या आणि खूप वेळानं उठल्या. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नकाशा ह्या वळणावर फाटलेला आहे. माझा अंदाज चुकला असू शकतो. धार इथं बाभळीला वळसा घालून गेली असणार." बद्रीनाथ पुढं आला. दगड बघितले, वरची हिरवी फांदी बघितली आणि डोक्यावरची टोपी काढली. "पाच-सात पावलं उसात आली तरी चालंल," एवढंच म्हणाला.

अंजूनं रेघ मारली. बाभळीपाशी आल्यावर तिनं डबा खाली ठेवला आणि ओंजळीत फक्की घेऊन चिमटीनं वळसा काढला.

मग ती नोंदवही घेऊन माझ्याकडं आली. नदीकाठाला जे जे काही आहे ते पोरं त्या वहीत लिहितात. पायऱ्या, विहिरी, झाडं, वीरगळ. तिनं नवीन पान काढलं होतं. वाचायला दिलं.

"काय आहे: बाळ, नऊ दिवसांचं. नाव: बारसं झालं नव्हतं. कुठं: बाभळीखाली, चार दगड. माहिती देणार: अंजू हरिबा, बाळाची आई, त्या वेळी वय पंधरा."

"मॅडम म्हणाल्या, हे लिवलं की चौकशी हुईल," ती म्हणाली. "म्हटलं, व्हऊ द्या. आई-बाबांलाबी सांगितलंय. खाली जागा सोडलीय, अक्का. तुमचं तुमी लिवा."

मी चौथी शिकलेली. दळणाच्या पिशव्यांवर नावं घालण्यापलीकडं लिहिणं सुटलेलं. लिंबाच्या मुळीवर बसून लिहिलं: "दवाखान्यात नेऊ नका असं मी सांगितलं. नीलम्मा, गिरणीवाली." तिनं वाचलं, वही मिटली आणि पोकलेनवाल्याला हात केला.

संध्याकाळपर्यंत घाटाच्या अकरा पायऱ्या निघाल्या. मला नऊच आठवत होत्या. गावातल्या बायका उतरून हात लावून आल्या. मी वरूनच बघितलं.

अंजूचं दळण आता सिरसाळ्याला जातं. तासभर जायला, तासभर यायला, डोक्यावर पिशवी. मी तिला थांबवत नाही, कुठल्या तोंडानं थांबवू? गिरणीपुढून जाताना ती मान खाली घालत नाही, सरळ माझ्याकडं बघत जाते. मीही बघते. वजनकाट्याकडं बघायचं मी सोडून दिलंय.